चाकातील मोटर आणि इन्व्हर्टरची जबाबदारी

विद्युत वाहनांचा अभ्यास करताना परीक्षार्थींचे लक्ष बहुधा बॅटरीकडे जाते. तथापि बॅटरीतील दिष्ट प्रवाहाचे त्रिकला प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करून मोटरचा वेग व आघूर्ण ठरविणारा इन्व्हर्टर हाच वाहनाचा खरा नियंत्रक होय. मोटर थेट चाकाच्या तुंब्यात बसविली, की त्याचे काम अधिकच अवघड होते.

कल्पना जुनी आहे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात फर्डिनांड पोर्श यांनी रचलेली लोहनर कंपनीची गाडी अशाच मोटरींवर धावली. बंगळूरुच्या ‘रेवा’ने मात्र २००१ साली मागील चाकांसाठी एकच मोटर वापरली. आज मल्लेश्वरमच्या रस्त्यांवर तुंब्यातील मोटर असलेल्या स्कूटर दिसतात. त्यांपैकी टीव्हीएसची ‘आयक्यूब’ २०२० साली याच शहरात सादर झाली. मग प्रवासी गाड्यांत हे तंत्र का रुळले नाही?

०.३ मीटर त्रिज्येचे चाक ताशी ६० किलोमीटर वेगाला मिनिटात सुमारे ५३० फेरे घेते. दहापट गतिफरकाचा गियर असल्यास मोटर ५,३०० फेरे घेते. शक्ती म्हणजे आघूर्ण व कोनीय वेग यांचा गुणाकार. त्यामुळे गियर नसल्यास तेवढ्याच शक्तीसाठी मोटरला दहापट आघूर्ण द्यावे लागते. त्यासाठी मोटर जड करावी किंवा प्रवाह वाढवावा. प्रवाह दुप्पट झाला की तारांतील उष्णता चौपट होते. स्कूटरला हे परवडते, चढावरील गाडीला परवडत नाही.

यावर उपाय म्हणून सिलिकॉनऐवजी सिलिकॉन कार्बाइड वा गॅलियम नायट्राइड हे कमी ऊर्जाव्यय करणारे अर्धवाहक पुढे आले आहेत. मल्लेश्वरमला लागून असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत गॅलियम नायट्राइडवर संशोधन होते. मात्र यामुळे इन्व्हर्टरमधील उष्णता घटते, मोटरच्या तारांतील नव्हे.

खरी कसोटी सुरक्षेची आहे. एकाच मोटरच्या गाडीत विभेदक गियर दोन्ही चाकांना समान आघूर्ण देतो. बिघाड झाला तरी गाडी सरळ राहते. प्रत्येक चाकाला स्वतंत्र इन्व्हर्टर असल्यास एका बाजूचा बिघाड गाडीला त्या बाजूस खेचतो. (वळणावरील स्थैर्याचा लाभ जाहिरातींत ठळकपणे येतो, ही बाजू येत नाही.) शिवाय स्थायी चुंबकाची मोटर नुसती बंद करून भागत नाही. अतिवेगात तिचा विरोधी विद्युतदाब बॅटरीच्या दाबापेक्षा अधिक झाल्यास डायोडांमधून प्रवाह वाहतो आणि चाकाला आपोआप ब्रेक लागतो. अशा वेळी इन्व्हर्टर तिन्ही कला एकमेकींना जोडतो. उच्च वेगात त्याने अवरोध अल्प राहतो, मंद वेगात मात्र वाढतो. म्हणून कोणता मार्ग घ्यावा हे वेग पाहून ठरते आणि त्याच क्षणी विरुद्ध बाजूच्या चाकाचे आघूर्णही कमी करावे लागते.