विस्मृतीतल्या मूक वेस्टर्नपटांनी मला काय शिकवलं

गाजलेले वेस्टर्नपट सगळेच पाहतात. मला मात्र ओढ आहे ती फारशा कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या मूकपटांची. ते पाहता पाहता पक्क्या झालेल्या या काही गोष्टी.

१. आधी वेग तपासावा. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत. आजच्या वेगाने तेच रीळ चालवलं की माणसं तुरुतुरु पळतात आणि गंभीर प्रसंगाचंही हसं होतं. योग्य वेगाची प्रत मिळाली की तीच माणसं भारदस्त वाटू लागतात.

२. नायकाच्या मागचं खरं जगही पाहावं. अमेरिकेतला ‘वेस्ट’ तेव्हा पुरता इतिहासजमा झाला नव्हता. टूमस्टोन गावातल्या प्रसिद्ध बंदुकीच्या चकमकीतला खराखुरा वायट अर्प १९२९ साली वारला, तेव्हा त्याला खांदा देणाऱ्यांत विल्यम एस. हार्ट आणि टॉम मिक्स हे पडद्यावरचे काउबॉय होते.

३. चेहरा वाचावा. ‘स्ट्रेट शूटिंग’ (१९१७) हा जॉन फोर्डचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. तेव्हा तो अवघा २३ वर्षांचा होता. यात हॅरी केरी शेतकऱ्यांना हुसकावायला आणलेला भाडोत्री बंदूकबाज आहे. तरण्या मुलाला मूठमाती देणारं कुटुंब समोर दिसतं, त्याचे डोळे भरून येतात आणि तो बाजू बदलतो. हे मनपरिवर्तन संवादाविना पटतं, कारण आपण ते त्याच्या चेहऱ्यावर घडताना पाहिलेलं असतं.

४. जुनं म्हणजे बाळबोध, असं धरून चालू नये. ‘हेल्स हिंजेस’मध्ये (१९१६) पाद्रीच दारूच्या आहारी जातो, तर गावातला दांडगट हार्ट श्रद्धेकडे वळतो आणि अखेर सगळं गाव पेटवून देतो. ‘द डॉटर ऑफ डॉन’मध्ये (१९२०) सगळे कलाकार कायोवा आणि कोमांची या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातींचे आहेत. ओक्लाहोमात चित्रित झालेल्या या चित्रपटासाठी त्यांनी पोशाख आणि तंबूसुद्धा स्वतःचेच आणले होते. इथे ते गोऱ्या नायकाचे शत्रू नाहीत. प्रेम, मत्सर, शिकार, सगळं त्यांचं त्यांचं आहे.

५. मिळेल तो तुकडा पाहावा. अमेरिकेत बनलेल्या पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी जेमतेम १४ टक्के मूळ स्वरूपात उरले आहेत. नायट्रेटची फिल्म पेट घेई, कुजे. बोलपट आल्यावर तर जपण्याची गरजच कुणाला वाटेना. ‘स्ट्रेट शूटिंग’ची प्रतही पुढे सापडली ती थेट चेकोस्लोव्हाकियाच्या संग्रहात. म्हणूनच मी अर्धवट, ओरखड्यांनी भरलेलं रीळही सोडत नाही. चित्रपट डब्यात टिकला म्हणजे निम्मंच काम झालं. उरलेलं निम्मं पाहणाऱ्यांनी करायचं असतं.