कर्ण श्रेष्ठ कीं अर्जुन?

मधल्या सुटींत जे वाद रंगतात, त्यांत हा वाद फार जुना आहे. यंदा याच वादापायीं दोन जिवलग मित्रांनीं आठवडाभर अबोला धरलेला आम्हीं पाहिला. एक म्हणे, "मीं वाचलें आहे", दुसरा म्हणे, "मीं पाहिलें आहे." दोघेही खोटें बोलत नव्हते. परंतु कोठें वाचलें, काय पाहिलें आणि तें सांगणारा कोण, हें मात्र कोणींच विचारलें नाहीं.

दोष केवळ मुलांचा नव्हे. अर्जुनाच्या बाणानें कर्णाचा रथ पुष्कळ मागें सरे, कर्णाच्या बाणानें अर्जुनाचा रथ थोडींच पावलें हटे, तरी श्रीकृष्ण वाखाणणी करीत ती कर्णाची, ही गोष्ट आम्हीही कित्येक वर्षें महाभारतांतील म्हणून सांगत आलों. पुढें संशोधित आवृत्ति उघडून पाहिली, तों तींत ती नाहीं! त्या दिवशीं आम्हांस खरोखर लाज वाटली.

ही आवृत्ति पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची. १९१९ सालीं आरंभिलेलें हें कार्य १९६६ सालीं पूर्ण झालें. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर हे तिचे प्रमुख संपादक होते. निरनिराळ्या प्रांतांतील व लिपींतील १,२५९ हस्तलिखितें मिळवून विद्वानांनीं श्लोकाशीं श्लोक ताडून पाहिला. ज्या पाठास जुन्या व परस्परांपासून दूरच्या पोथ्यांचा आधार मिळाला, तो वर छापला. जो थोड्याच पोथ्यांत आढळला, तो तळटीपेंत किंवा परिशिष्टांत ठेविला. स्वयंवरांत "मी सूतपुत्रास वरणार नाहीं" असें द्रौपदी म्हणते, तो सर्वांस ठाऊक असलेला प्रसंग अशा रीतीनें तळटीपेंत गेला आहे.

यावरून पहिला नियम असा, कीं साक्षींची पायरी ओळखावी. संशोधित संहिता वरच्या पायरीवर, पाठभेद तिच्या खालीं, आणि पुढील काळांतील आख्यानें, नाटकें, कादंबऱ्या व चित्रमालिका त्याहून खालीं. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७) मनास हेलावून सोडते. परंतु ती सावंतांच्या कर्णाची साक्ष देते, व्यासांच्या कर्णाची नव्हे.

दुसरा नियम : बोलणाऱ्याचा हेतु पाहावा. उद्योगपर्वांत भीष्म कर्णास 'अर्धरथी' म्हणून हिणवितात. तेच भीष्म शरशय्येवर त्यास सांगतात, कीं तुझें तेज कमी व्हावें म्हणून मी कठोर बोललों. तूं अर्जुनाच्या तोडीचा आहेस. साक्षीदार एकच, साक्षी मात्र दोन! शल्य तर कर्णाचा तेजोभंग करण्याचें वचन युधिष्ठिरास देऊन बसलेला. त्याची निंदा जशीच्या तशी कशी घ्यावी? श्रीकृष्ण कर्णाची थोरवी अर्जुनास सांगतात, तेंही अर्जुनानें गाफील राहूं नये म्हणून.

तिसरा नियम : शब्दाहून कृतीस अधिक मान द्यावा, पण कृतीची परिस्थितीही तपासावी. घोषयात्रेंत गंधर्वांनीं कर्णाचा रथ मोडला व त्यास रण सोडावें लागलें; दुर्योधनास सोडविलें तें पांडवांनीं. कर्णाच्या अंगावर त्या वेळीं कवचकुंडलें होतीं. परंतु अर्जुनासमवेत तीन भाऊही होते. विराटनगरीच्या रणांत अर्जुनानें बहुतेक एकट्यानें कौरववीरांस हटविलें, त्यांत कर्णही होता. मात्र तोंवर कवचकुंडलें इंद्राकडे गेलीं होतीं. अखेरच्या युद्धापूर्वीं इंद्रदत्त शक्ति घटोत्कचावर खर्च झाली होती. आणि शेवटीं रथाचें चाक भूमींत रुतलें. तेव्हां नोंदींच्या तराजूंत अर्जुनाचें पारडें जड ठरतें, परंतु त्या दोघांचें अखेरचें युद्ध समान स्थितींत झालें नाहीं, इतकेंच न्यायानें म्हणतां येईल.

परदेशच्या वीरांसही हेच नियम लागू पडतात. अमेरिकेंतील 'सुपरमॅन' १९३८ सालच्या आपल्या पहिल्या कथेंत उडत नसे. तो एक फर्लांग लांब उडी मारी आणि वीस मजल्यांची इमारत ओलांडी. पुढील लेखकांनीं त्यास आकाशांत विहार करावयास लाविलें. म्हणून "सुपरमॅन बलवान कीं अमुक?" असें विचारणाऱ्यास प्रथम पुसावें, "कोणत्या सालचा, कोणत्या लेखकाचा?"

कोणी म्हणेल, काव्यांतील वीरांसाठीं एवढा खटाटोप कशाला? पालकहो, जो मुलगा आज ऐकीव गोष्टीवरून कर्णाचा निवाडा करतो, तोच उद्यां ऐकीव गोष्टीवरून शेजाऱ्याचा करील. आणि शेजाऱ्यास त्याचें दुःख होईल. मुलानें "हें खरें का?" असें विचारल्यास "ऐकलें आहे बुवा" म्हणून त्याची बोळवण करूं नये; "चल, पाहूं" म्हणावें.

ते दोघे मित्र अखेर ग्रंथालयांत एकाच मेजावर बसले. एकानें पर्वें काढलीं, दुसऱ्यानें टिपणें केलीं. पक्ष कोणींही सोडला नाहीं. अबोला मात्र सुटला.