ओला क्लच असलेल्या मोटारसायकलसाठी इंजिन ऑइलची निवड

ट्रॅक्टरचे किंवा डिझेल पंपाचे ऑइल बदलल्यावर डब्यात अर्धा-एक लिटर ऑइल उरते. ते वाया कशाला घालवायचे म्हणून घरच्या मोटारसायकलमध्ये ओतले जाते. ऑइल नवे असते, चांगल्या कंपनीचे असते, तरीही काही दिवसांनी गाडी ओढत नाही अशी तक्रार सुरू होते. हिवरखेड परिसरात मोटारसायकल ही नुसती बसण्याची गाडी राहिलेली नाही. दुधाचे कॅन, खताची गोणी, फवारणी पंप, कुटाराचे गाठोडे असे सर्व काही तिच्यावर लादले जाते. अशा गाडीचा क्लच ऐन पेरणीत बसला तर नव्या प्लेटा आणि मजुरी यांच्यासोबत कामाचा दिवसही जातो.

याचे कारण गाडीच्या रचनेत आहे. ट्रॅक्टरचे इंजिन ऑइल साधारणपणे फक्त इंजिनात फिरते. गिअरबॉक्सचे तेल वेगळे असते. मोटारसायकलमध्ये मात्र इंजिन, गिअर आणि क्लच हे तिन्ही एकाच ऑइलवर चालतात. क्लचच्या प्लेटा ऑइलमध्ये भिजलेल्या असतात, म्हणून त्यास ओला क्लच म्हणतात. एक लोखंडी प्लेट, एक घर्षणाचे अस्तर लावलेली प्लेट अशा त्या आलटून पालटून बसविलेल्या असतात. स्प्रिंगच्या दाबाने त्या एकमेकींना धरून ठेवतात आणि इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोहोचते. म्हणजे पिस्टनजवळ ऑइलने घर्षण कमी करावयाचे आणि क्लचमध्ये ते टिकू द्यावयाचे, अशी दुहेरी अपेक्षा या ऑइलकडून असते.

कारच्या अनेक ऑइलमध्ये इंधनबचतीसाठी घर्षण आणखी कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. कारचा क्लच या ऑइलच्या संपर्कात येत नसल्यामुळे तेथे ती उपयोगीच ठरतात. मोटारसायकलमध्ये हीच द्रव्ये क्लचच्या अस्तरावर बसतात व प्लेटा घसरू लागतात. जपानमध्ये १९९८ साली चारस्ट्रोक मोटारसायकलींच्या ऑइलसाठी जासो टी ९०३ हे प्रमाण तयार झाले, त्यामागे हीच अडचण होती. त्यानुसार ऑइलची क्लचमधील पकड यंत्रावर तपासली जाते. जास्त पकड देणारे ते एमए, कमी पकडीचे ते एमबी. पुढे एमएचे एमए-१ व एमए-२ असे दोन भाग झाले. त्यापैकी एमए-२ ची पकड अधिक असते. गिअरच्या मोटारसायकलसाठी डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ पाहावे, आणि गाडीच्या पुस्तकात यांपैकी जे सांगितले असेल तेच घ्यावे. एमबी ऑइल बिनगिअरच्या स्कूटरसाठी असते. त्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो. दोन्ही डब्यांवर ‘फोर-टी’ लिहिलेले असल्यामुळे दुकानात गफलत होते, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये.

डब्यावर एपीआयचे गोल चिन्ह असल्यास तेही वाचावे. वरच्या बाजूस एसएल, एसएम, एसएन अशी प्रत, मध्यभागी घट्टपणाचा आकडा असतो. खालच्या बाजूस ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असे लिहिलेले असेल तर ते ऑइल ओल्या क्लचच्या गाडीत टाकू नये.

डिझेल इंजिनाच्या ऑइलबाबत शेतकरी नेहमी विचारतात. ते ऑइल वाईट नसते. काजळी धरून ठेवण्यासाठी त्यात वेगळी द्रव्ये असतात, आणि काही डिझेल ऑइलवर जासो एमएची खूणही असते. परंतु ती खूण नसेल तर क्लचमध्ये ते कसे वागेल हे डबा पाहून सांगता येत नाही. ही चूक प्रस्तुत लेखकानेही केलेली आहे. उरलेले ऑइल टाकले, महिनाभर काही जाणवले नाही, आणि मग वारी भैरवगडच्या बाजूला चढावर मागे माणूस बसलेला असताना इंजिनाचा आवाज वाढला पण गाडी काही वाढेना.

घट्टपणाचा आकडा, उदाहरणार्थ १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५०, दोन भागांत वाचावा. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. पहिला आकडा थंडीतील वागणूक दाखवितो आणि दुसरा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती घट्ट राहते ते दाखवितो. अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, म्हणून जाडच ऑइल बरे, असा आपल्याकडे समज आहे. तो सरसकट खरा नाही. १०डब्ल्यू-३० साठी बनविलेल्या इंजिनात जाड ऑइल सकाळी वरच्या भागात उशिरा पोहोचते व पेट्रोलही जास्त लागते. पुस्तकात उष्ण हवामानासाठी जाड आकड्याची मुभा दिली असेल तरच तो घ्यावा. शिवाय कडबा कुट्टीत कडबा तुटावा तसे गिअरच्या दातांमध्ये ऑइलला घट्ट ठेवणारे लांब रेणू तुटतात व ऑइल पातळ होते. म्हणून धुळीच्या रस्त्यावर ओझे वाहणाऱ्या गाडीचे ऑइल पुस्तकातील मुदतीच्या थोडे आधीच बदलावे.

क्लच घसरतो की नाही हे घरी पाहता येते. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरला एकदम रेस द्यावी. आवाज चढला आणि वेग तितका वाढला नाही तर क्लच घसरतो आहे. लगेच ऑइलला दोष देऊ नये. आधी क्लचच्या दांड्याला पुस्तकात दिलेली ढील आहे का ते पाहावे, कारण केबल ताणलेली असली तरी हेच लक्षण दिसते. ढील बरोबर असेल आणि ऑइल चुकीचे पडले असेल तर ते गरम असताना पूर्ण काढून योग्य ऑइल भरावे. प्लेटा जळालेल्या नसतील तर एक-दोन बदलांत पकड पुष्कळदा परत येते. मिस्त्री कधी कधी रॉकेल किंवा डिझेल टाकून इंजिन धुतात, ते करू देऊ नये. आत राहिलेले रॉकेल नवे ऑइल पातळ करते.

जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लचची बाजू यांचे ऑइल वेगवेगळे असे, त्यामुळे त्या गाडीवर शिकलेले मिस्त्री कारचे ऑइलही चालते असे सांगतात. त्यांचा अनुभव त्या गाडीपुरता खरा आहे.

सुटे ऑइल घेऊ नये. सील पाहून, बिल घेऊन डबा घ्यावा आणि रिकामा झाल्यावर त्यास भोके पाडावीत, म्हणजे त्यात बनावट माल भरला जाणार नाही. काढलेले काळे ऑइल जनावरांच्या जखमेवर लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती बंद करावी. त्यातील घटक कातडीस अपायकारक असतात. ते विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये, झाकणाच्या डब्यात साठवून जुने ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे.