आकाशातून येणारे साहाय्य
(इयत्ता चौथीसाठी पाठ)

उद्देश : हेलिकॉप्टर प्राण कसे वाचविते हे मुलांना कळावे व संकटात क्रमाने साहाय्य घेण्याची सवय त्यांच्या अंगी बाणावी.

प्रस्तावना : कुंडल हे पलूस तालुक्यातील गाव. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 57 फुटांवर चढले. 8 ऑगस्ट रोजी याच तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटून अनेक ग्रामस्थ बुडाले. नावेत क्षमतेहून अधिक माणसे बसली होती. ज्या मुलांच्या आप्तांवर हा प्रसंग ओढवला असेल, त्यांना त्याविषयी प्रश्न विचारू नयेत.

विवेचन : विमानास धावपट्टी लागते, हेलिकॉप्टरास लागत नाही. माथ्यावरील फिरती पाती हवा खाली लोटतात, म्हणून ते उभे वर चढते व अधांतरी स्थिर राहते. विहिरीच्या रहाटाने घागर ओढावी, तसा त्याच्या दारातील यंत्राने पोलादी दोर खाली सोडून माणूस वर घेता येतो. मात्र एका वेळी एक-दोघेच वर जातात. म्हणून जखमी, मुले व वृद्ध प्रथम, असा क्रम पाळावा लागतो.

मे 2021 मधील तौक्ते चक्रीवादळात ‘गॅल कन्स्ट्रक्टर’ ही बार्ज 137 माणसांसह पालघरच्या किनाऱ्याजवळ भरकटली होती. तटरक्षक दलाने हेलिकॉप्टरांच्या साहाय्याने सर्वांची सुटका केली. नाव असो वा हेलिकॉप्टर, साधनाची मर्यादा ओळखून धीर धरणे हेही प्राणरक्षणच होय.

कृती : शाळेच्या मैदानावर 100 फूट लांब-रुंद चौरस आखून घ्यावा. हेलिकॉप्टर उतरण्यास निदान एवढी मोकळी जागा हवी. जवळ विजेच्या तारा, सुटे पत्रे वा कडबा नसावा. पुढील नियम मुलांकडून करवून घ्यावेत :

1. दोन्ही हात वर पसरणे म्हणजे ‘साहाय्य हवे’. एक हात वर व एक खाली म्हणजे ‘नको’.
2. वैमानिकाने खूण केल्याविना जवळ जाऊ नये. शेपटीकडून कधीही जाऊ नये.
3. वाकून चालावे, टोपी, ओढणी सावरावी.

प्रश्न : दोर एक, माणसे दहा, प्रथम कोणी जावे व का?