महाकाली दरवाजातील छायाचित्र

अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाजात भर दुपारी उभे राहिले, म्हणजे आतली अंधारी देवडी आणि बाहेरचे लखलखीत आकाश ही दोन्ही डोळ्यांस दिसतात. कॅमेऱ्यास हे एका चित्रात साधत नाही. आकाश उमटावे, तर देवडी काळीकुट्ट. देवडी उमटावी, तर आकाश पांढरेफटक!

म्हणून छायाचित्रकार कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून तीन चित्रे घेतो. झडप सेकंदाचा १/१०००, मग १/२५०, मग १/६० भाग उघडी राहते. दर वेळी प्रकाश सुमारे चौपट. संगणक तिन्हींतील स्पष्ट भाग जुळवितो. सभोवारचा देखावा हवा असेल, तर कॅमेरा थोडाथोडा वळवून प्रत्येक दिशेस अशी तीन चित्रे घ्यावी लागतात.

युक्ती जुनीच! १८५७ च्या सुमारास फ्रान्समधील गुस्ताव ल ग्रे याने समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी अशा दोन काचांवरून एकच चित्र छापले होते.