सरड्याची धाव

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. माणसाची चाहूल लागताच सरडा कुंपणाच्या काटेरी जाळीत शिरतो आणि तेथे निर्भय होतो. परंतु सरड्याची मादी एका कार्यासाठी ही मर्यादा ओलांडते.

पुण्याच्या पूर्वेस, मुळा-मुठा नदीकाठी मांजरी हे गाव आहे. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महानगरपालिकेत आले. तेथे इमारती वाढल्या, तरी ऊस-द्राक्षांची शेते आणि त्यांची कुंपणे अद्याप दिसतात. पावसाने जमीन मऊ झाली, की पोट जड झालेली मादी कुंपणावरून खाली उतरते. ओलसर, भुसभुशीत जागा पाहून ती पायांनी माती उकरते. तयार झालेल्या खळग्यात ती बहुधा दहा ते वीस अंडी घालते. ही अंडी पांढरी व लांबट असतात. त्यांचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे टणक नसून चामड्यासारखे मऊ असते. मातीतील ओलावा शोषून ती हळूहळू फुगतात. जागा फार कोरडी असली, तर अंडी सुकून जातात. तेथे पाणी साचले, तर आतील जीव गुदमरतो. म्हणूनच जागेची निवड महत्त्वाची ठरते.

अंडी घालून झाल्यावर मादी माती पुन्हा लोटते, दाबून सारखी करते आणि निघून जाते. ती अंडी उबवीत नाही, की पिलांना भरवीत नाही. तिची सारी काळजी त्या खळग्यातच सामावलेली असते. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर येतात आणि स्वतःच बारीक किडे टिपू लागतात.

सरड्याचा दूरचा भाईबंद सरडगुहिरा हा तर झाडावरच राहणारा. पण त्याची मादीही अंडी पुरण्यासाठी झाडावरून जमिनीवर उतरते.

खळगा खणणारी मादी उघड्यावर असते. कावळा, मांजर यांचे तिला भय असतेच. त्यात खोडकर मुलाचा दगड आला, तर एक सरडाच मरत नाही, पंधरा-वीस जीव जन्मापूर्वीच नाहीसे होतात. पिकांवरील कीटक खाणारे शेतकऱ्याचे साहाय्यकही तितकेच कमी होतात.

कुंपण सोडून मोकळ्या मातीत आलेली मादी दिसली, तर दुरूनच पाहावे आणि तिची वाट मोकळी ठेवावी. कुंपणापलीकडची तिची ती चार पावले पिलांसाठी असतात.