ससा कलमे कुरतडतो, काय करू?

प्रश्न : माळरानालगत जुलैत आंब्याची चाळीस कलमे लावली. रोज सकाळी दोन-तीन शेंडे कापलेले दिसतात. शेळ्या तर इकडे फिरकत नाहीत.

उत्तर : काप नीट पाहा. विळ्याने छाटल्यासारखा तिरपा आणि स्वच्छ असेल, जवळ गोल लेंड्या असतील, तर तो ससाच. शेळीने ओरबाडलेले टोक फाटके असते.

कोंबडीच्या खुराड्याला लावतात ती बारीक जाळी आणा. दोन फूट उंच, खोडापासून वीतभर लांब गोल करून खुंट्यांनी घट्ट ठोका. विलायती ससा बिळे करतो, म्हणून तिकडे जाळी जमिनीत पुरतात. आपला रानससा बीळ खणत नाही, तेवढी मेहनत वाचली! पैसे कमी असतील तर बोरी-बाभळीच्या काट्या रचा, पण फट ठेवू नका. कुंपणाला करवंदी लावली असेल तर तिलाही दोन्ही बाजूंनी जाळीची पट्टी लावा.

कापलेली कलमे उपटण्याची घाई नको. जोडाच्या वर काप असेल तर फुटवा येईल. जोडाखाली असेल तर येणारा फुटवा गावठी खुंटाचा. तिथे नवे कलम लावा.

फासे मात्र लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे.